उजव्या गालाची शिकवणी

आमच्या वन्संनी दोन महिन्यांत तीन इस्त्र्या दुरुस्तीला पाठवल्या आणि तिन्ही जशाच्या तशा परत आल्या. दुरुस्तीवाला म्हणाला, हिच्यात काही बिघडलेलं नाही, बाई. वन्सं म्हणाल्या, मग तुझ्या नजरेत बिघडलं असेल, परत बघ. चौथ्या वेळी त्याने यायलाच नकार दिला. बिघाड खरंच इस्त्रीत नव्हता. तो वन्संच्या डाव्या गालात होता, पण ते कळायला एक रेशमी कॉलर जळावी लागली.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, बस चालवतात. दिवसभर हॉर्न आणि प्रवासी ऐकून घरी आले की चार शब्दांवर पाचवा बोलत नाहीत. ती कसर वन्सं भरून काढतात. सव्वीस वर्षं त्या एका कोट शिवणाऱ्या कारखान्यात इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या आहेत. लांबलचक खोली, रस्त्याच्या बाजूला दोन खिडक्या, दाराशी कापणाऱ्या मास्तरांचं टेबल, मधे आठ मशिनं, आणि अगदी शेवटी भिंतीला लागून कापसाची गादी घातलेलं वन्संचं टेबल. कोट शिवून झाला, बटणं लागली, धागे कापले की तो त्यांच्याकडे येतो. याला तिथे शेवटचा हात म्हणतात. वन्संनी इस्त्री फिरवून कोट दांडीला लावला की त्याला मालकांनीसुद्धा बोट लावायचं नाही. पाठीमागे सगळे त्यांना कडकबाई म्हणतात. त्यांना ते माहीत आहे आणि आवडतंही.

इस्त्रीचा ताव त्या गालाने बघतात. बटणावरच्या खुणांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. इस्त्री उचलायची, गालापासून चार बोटांवर धरायची आणि टोकापासून टाचेपर्यंत सावकाश सरकवायची. किती ऊब लागली की रेशीम चालेल, कधी लोकर, कधी नुसतं अस्तर, हे त्यांच्या गालाला पाठ होतं. त्या डावखुऱ्या, त्यामुळे गालही डावाच. सव्वीस वर्षांत या पद्धतीने एकही कोट वाया गेला नाही.

मग इस्त्र्या तापेनाशा झाल्या, म्हणजे वन्संना तसं वाटू लागलं. गालाशी धरली तर काहीच लागेना. त्या बटण वाढवत गेल्या, मालकांच्या मागे लागून इस्त्र्या बदलत गेल्या. एके दिवशी दुपारी मास्तरांना केस जळाल्याचा वास आला. त्यांनी मान वळवून पाहिलं, तर वन्संनी इस्त्री गालाला टेकवलेली, आणि चेहऱ्यावर काही नाही. मास्तर धावत गेले. तोवर वन्संनी ती गार आहे असं ठरवून एका काळ्या कोटाच्या रेशमी कॉलरवर ठेवून दिली होती.

संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या तेव्हा गालावर अंगठ्याएवढा लाल डाग होता. मी मलम लावायला घेतलं. बोट लावलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, लावतेस ना, मग लाव की. मी लावतच होते.

त्या दिवशी सगळं बाहेर आलं. वर्षभर डाव्या कानात कुकरची शिट्टी राहून राहून वाजल्यासारखा आवाज होता. फोन त्यांनी कधीच उजव्या कानाला नेला होता. जिना उतरताना कठडा धरत होत्या आणि कोणी पाहिलं तर कठड्यावरची धूळ पुसल्यासारखं करत होत्या. जेवताना गाल आतून चावला जायचा, रक्ताची चव आली की कळायचं. चहा ओठाच्या कोपऱ्यातून ओघळायचा. हे कोणालाच सांगितलं नव्हतं. आणि मी, सख्खी भावजय, वर्षभर रागावून बसले होते, कारण जेवायला मी नेहमी त्यांच्या डावीकडे बसते आणि त्या माझ्या बोलण्याला उत्तर देत नव्हत्या. मला वाटलं, तोरा दाखवतायत.

तपासण्या झाल्या. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला मोकळ्या. त्यांनी वन्संना समोर बसवलं, हातात कापसाचा बोळा घेतला आणि सांगितलं, मी गालाला लावलं की हो म्हणा. वन्सं दर वेळी बरोबर हो म्हणत गेल्या. मला धीर आला. मग डॉक्टरीणबाईंनी मागे वळून काचेच्या कपाटाकडे पाहिलं. त्यात त्यांचा हात स्वच्छ दिसत होता. त्या हसल्या आणि म्हणाल्या, आता डोळे मिटून. वन्संनी डोळे मिटले. कापूस उजव्या गालाला लागला, हो. कपाळाला उजवीकडे, हो. मग डावीकडे कपाळ, गाल, हनुवटी, नाकपुडीसुद्धा झाली, आणि खोलीत नुसता पंखा ऐकू येत राहिला. डोळे मिटलेल्या वन्संचा तो चेहरा, अजून कापूस लागायची वाट बघणारा, मला पुढे कितीतरी दिवस दिसत होता.

कानाच्या नसेवर गाठ होती, अकॉस्टिक न्यूरोमा तिचं नाव. कॅन्सर नाही, पण वाढत वाढत मेंदूच्या अंगाला टेकली होती आणि चेहऱ्याला संवेदना देणारी नस तिच्याखाली दबली होती. काढावी लागणार होती. डाव्या कानाचं ऐकणं जाणार हे नक्की. चेहऱ्याची ती बाजू काही दिवस, कदाचित कायमची, लुळी पडू शकते. तोल जाईल, मग येईल. डॉक्टरीणबाई हे सगळं कागदावर चित्र काढून सांगत होत्या. भाऊजी कागदाकडे बघत होते, मी भाऊजींकडे. वन्संनी एवढंच विचारलं की गाल परत येईल का.

"सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थोडा येईल, किंवा आहे तसाच राहील."

"आणि हात?"

"हाताला काही होणार नाही."

"मग कापा," वन्सं म्हणाल्या.

ऑपरेशनला पाच आठवडे होते. मालक भला माणूस. जळालेल्या कॉलरबद्दल चकार शब्द काढला नाही, पण वन्संना इस्त्रीवरून उठवलं. बटणांच्या टेबलाशी खुर्ची दिली, वर उशी ठेवली. बसून करा, बाई, तब्येत सांभाळा. वन्संनी उशी उचलून कपाटावर ठेवली आणि बटणं उभ्याने लावली. पाच आठवडे उभ्याने. घरी येऊन पाय चोळायच्या, पण त्या खुर्चीला पाठ टेकवली नाही. मला म्हणाल्या, एकदा बसले ना, की मग मला तिथेच बसवतील. त्यांना खरी भीती ऑपरेशनची नव्हती. परत आल्यावर शेवटचा हात मिळतो की नाही, याची होती.

त्या पाच आठवड्यांत त्यांनी गालाशी उघड भांडण मांडलं. घास उजवीकडेच चावायचा. जेवून झालं की गालात बोट फिरवून बघायचं, कारण भाताची शितं तिथे तासन्‌तास बसून राहत आणि त्यांना गंधवार्ता नसे. चहा आधी मनगटावर सांडून बघायचा. वारं सुटलं की डोळ्यात कचरा गेला का ते आरशात पाहायचं, कारण डोळ्यालाही खुपल्याचं कळत नव्हतं. या सगळ्याला त्या गस्त म्हणत. जेवण झालं की उठायच्या, "गस्त घालून येते."

मी रोज सकाळी पाच मिनिटं देवापुढे बसते, त्याचा गाजावाजा करत नाही. ऑपरेशनच्या दिवशी इस्पितळाच्या बाकावर साडेनऊ तास बसले. पर्समध्ये देवाचं नाव लिहायची छोटी वही होती, ती भरली. भाऊजी शेजारी हात मांडीवर ठेवून, समोर रस्ता असल्यासारखे बघत बसले होते. मागताना माझ्या मनात आलं, फार मागू नये. म्हणून नुसतं एवढंच मागितलं की त्या जाग्या होऊ देत.

त्या जाग्या झाल्या. तिसऱ्या दिवशी आरसा मागितला. नर्स म्हणाली, थांबा थोडे दिवस. वन्संनी बोटानेच पुन्हा आरशाची खूण केली. डावा डोळा उघडाच राहत होता, भुवई खाली, ओठाचा कोपरा ओघळलेला, कानामागे टाक्यांची रांग. बराच वेळ बघितलं. मग अर्ध्या तोंडाने, शब्द सांडत, म्हणाल्या, "एका बाजूला इस्त्री केलीय, दुसरी नुसतीच वाळत घातलीय." नर्स हसावं की नाही अशी उभी. मी बाहेर जाऊन रडून आले.

मी काय मागितलं होतं ते नंतर कधीतरी त्यांना सांगितलं. तर माझ्यावरच चिडल्या. मागायला बसलीच होतीस ना, मग अर्धवट का मागितलंस. माझा देव तुझ्याएवढा लाजाळू नाही. मी म्हटलं, मग तुम्हीच मागा. तर म्हणाल्या, मी मागत नाहीये, मी त्याला सांगितलंय.

घरी आणल्यावर पहिले दोन महिने वाईट गेले. चालताना जमीन डावीकडे कलते म्हणायच्या. डोळ्यात दर तासाला थेंब, रात्री मलम आणि वर पापणी खाली ओढून चिकटपट्टी. पट्टी लावायचं काम भाऊजींचं. बसचं अवजड चाक फिरवणारे ते हात पापणीजवळ आले की अडायचे. वन्सं म्हणायच्या, लावा हो, मला काही लागत नाही, हाच तर घोटाळा आहे. भेटायला येणारे चेहऱ्याकडे बघायचं टाळून भिंतीशी बोलायचे. शेजारच्या बाई दोनदा म्हणाल्या की देवाची इच्छा. पहिल्यांदा वन्संनी सोडून दिलं. दुसऱ्यांदा विचारलं, तुम्हाला तसं कळवलंय का त्याने? मी मान खाली घातली, कारण ते वाक्य माझ्याही तोंडावर आलं होतं.

तिसऱ्या महिन्यात चेहरा जागा होऊ लागला. ओठाचा कोपरा जरासा हलू लागला, डोळा निम्मा मिटू लागला. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. हालचालीची नस शाबूत आहे, ती सावकाश उठेल. संवेदनेची मात्र तशीच. कापसाची परीक्षा पुन्हा झाली आणि खोलीत पुन्हा नुसता पंखा. परत येताना बसमध्ये रिकाम्या सीटवर पिशवी ठेवत वन्सं म्हणाल्या, "डावा गेला तर गेला. उजवा काय फुकटचा बसलाय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आमची इस्त्री वर नेली.

हे ऐकायला सोपं वाटतं, पण करून बघा. इस्त्री डाव्या हातात. ती उजव्या गालाशी न्यायची म्हणजे हात छातीवरून आडवा न्यावा लागतो, मनगट उलटं वळतं आणि वजनाने कोपर थरथरतं. त्यात मान वळवली की खोली फिरायची. म्हणून त्या कंबर टेबलाला घट्ट टेकवायच्या, मान सरळ ठेवायच्या आणि इस्त्रीलाच गालासमोरून फिरवायच्या. भाऊजी घरी असले की मागे उभे राहायचे, दोन्ही हात पुढे करून, मूल पहिलं पाऊल टाकताना बाप उभा राहतो तसे. मग त्यांनाही हाकललं.

त्याहून मोठी अडचण म्हणजे उजवा गाल अडाणी निघाला. तो सव्वीस वर्षांत काही शिकलाच नव्हता. चटका लागला एवढंच त्याला कळे. रेशमाची ऊब कुठली आणि लोकरीची कुठली, यातलं ओ की ठो नाही. वन्सं त्याला पहिलीपासून शिकवायला बसल्या. रोज दोन तास. इस्त्री धरायची, मोठ्याने सांगायचं, "हे अस्तर," आणि अस्तराच्या तुकड्यावर फिरवून बघायचं. चुकलं की पुन्हा. आमच्या चादरी झाल्या, पडदे झाले, माझे दोन चांगले स्कार्फ झाले. आमच्या ह्यांची राखाडी पँट गुडघ्यावर चकाकायला लागली, आरशासारखी. ह्यांनी बहिणीला विचारलं, ताई, या पँटने काय पाप केलंय? तर म्हणाल्या, तू लहानपणी माझी वही फाडली होतीस.

उजव्या गालावर बारीक चट्टे उठले. मी म्हटलं, वन्सं, आता हाही घालवाल. त्या म्हणाल्या, शिकताना लागतंच, आणि याला निदान लागतं तरी.

सातव्या महिन्यात त्यांनी मालकांना निरोप पाठवला, सोमवारी येते. रस्ता एकटीने ओलांडायला अजून परवानगी नव्हती, डावीकडून येणारी गाडी ऐकू येत नाही, म्हणून सोबत मी गेले. डोळ्यासाठी बाजूने बंद असलेला मोठा चष्मा होता. वाफ आणि कापडाची धूळ डोळ्यात जाऊ द्यायची नाही, हे डॉक्टरीणबाईंनी दहा वेळा बजावलं होतं. मशिनवरच्या बाया उठून आल्या. एकदोघींनी डोळे पुसले. वन्संनी त्यांना विचारलं, कोण गेलं?

मालकांनी चहा मागवला, चौकशी केली, आणि मग कोपऱ्यातलं टेबल दाखवलं. घड्या घालायचं काम. खुर्ची होतीच. वन्संच्या जुन्या टेबलावर नवी इस्त्री आली होती, जिच्यावर आकडा उमटतो. मालक म्हणाले, बाई, आता गालाची गरजच उरली नाही. रेशमाला हा आकडा, लोकरीला हा. तुमच्यावर अन्याय करत नाहीये, पण एक कॉलर मी जळलेली पाहिलीय. उद्या तुमचा चेहराच भाजला तर मी कोणाला तोंड दाखवू?

वन्संनी सगळं ऐकून घेतलं, उजवा कान त्यांच्याकडे करून. मग त्या सरळ इस्त्रीच्या टेबलाशी गेल्या.

मालक म्हणाले, बरं, बघायचंच असेल तर ती चिंधी घ्या. वन्सं म्हणाल्या, चिंध्या मी घरी चार महिने जाळल्या. दांडीवर त्या संध्याकाळी जायचा एक कोट होता, काळी लोकर, रेशमी कॉलर. त्यांनी तो उतरवला.

मालकांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर कात्रीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले की आकड्याची इस्त्री आल्यापासून दोन कोट चकाकी येऊन परत आलेत, हे मालकांनी बाईंना सांगावं. मालक टेबलापासून बाजूला झाले.

आकडा रेशमाचा लागला होता. वन्संनी चष्मा नीट केला, कंबर टेबलाला टेकवली आणि इस्त्री छातीवरून आडवी उजव्या गालाशी नेली. मशिनं थांबली होती. मी मनातल्या मनात नाव घेत होते, आणि या वेळी लाजले नाही, पूर्ण मागितलं. इस्त्री टोकापासून टाचेपर्यंत सरकली. कोपर थरथरत होतं, ते मला दिसत होतं, म्हणजे सगळ्यांनाच दिसत असणार. त्यांनी इस्त्री खाली ठेवली.

"टोक जास्त आहे," त्या म्हणाल्या. "आकडा मधला दाखवतो, टोकाचं कोण बघणार?"

त्यांनी ती जराशी निवू दिली. खाली रस्त्यावर कोणाची तरी सायकल पडल्याचा आवाज झाला. वन्संनी पुन्हा इस्त्री उचलली, पुन्हा गालाशी नेली, पुन्हा ठेवली. तिसऱ्यांदा मान किंचित हलवली. मग पातळ फडकं पसरून, इस्त्रीची टाच टेकवत, टोक उचललेलं ठेवून, त्यांनी कॉलरवरून हात फिरवला. एकदाच. दुसऱ्या बाजूला एकदा. पाठ, बाह्या, खांदे. ओठाच्या कोपऱ्यातून लाळेचा थेंब हनुवटीवर आला होता आणि त्यांना कळलं नव्हतं. मी रुमाल घेऊन पुढे गेले. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, स्वतः पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "दिसलं की सांगत जा. तोंड फिरवून बसू नका."

मालकांनी कोट खिडकीपाशी नेला. उजेडात उलटा केला, सुलटा केला, कॉलर नखाने चाचपली. कितीतरी वेळ. मग तो दांडीला लावला, बाहेर जाणाऱ्या दांडीला, आणि म्हणाले की आठवडाभर अर्धा दिवस करून बघू. डोळ्याचे थेंब दर तासाला घालायचे, ते चुकलं तर घड्यांचं टेबल.

वन्सं म्हणाल्या, थेंब तुम्ही मोजा, काम मी करते.

मी निघायच्या बेतात होते. घरी स्वयंपाक पडला होता, आणि चार वाजता भाऊजी घ्यायला येणार होते. दाराशी जाऊन वळून पाहिलं तर मास्तर पुढचा कोट हातावर टाकून टेबलाच्या डाव्या अंगाला उभे होते आणि काहीतरी विचारत होते. वन्सं इस्त्रीकडे बघत होत्या, त्यांना पत्ताच नव्हता. मास्तरांनी दोनदा विचारलं. मग डावा कान मास्तरांच्या लक्षात आला. वन्संच्या पाठीमागून वळसा घालून ते त्यांच्या उजवीकडे आले आणि कोट पुढे धरला.

वन्संनी कोट घेतला, बाही उलटी करून बघितली आणि म्हणाल्या की शिलाई वाकडी आहे.